टोपणनाव, तुरुंग आणि मॅगी

परवा कुणीतरी टोपणनावानं छापलेल्या टीकेच्या कवितेवरून विषय निघाला आणि नानांनी नेहमीसारखा निकाल देऊन टाकला. "टीका करायचीय ना? मग स्वतःच्या नावानं करा. टोपणनावाआड लपतो तो कसला कवी!"

"मग जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंड बाद," मंजिरी म्हणाली.

नानांना जर्मनीवर बोलायला निमित्त लागत नाही. भाचा श्टुटगार्टला गेल्यापासून बिस्मार्क त्यांच्या घरचाच झालाय. "बादच! जर्मन सम्राटावर, कैसरवर, कविता लिहिली ती 'हिएरोनिमोस' नावानं. पोलीस येतात म्हटल्यावर म्युनिकहून झुरिच, तिथून पॅरिस. शूर म्हणे!"

"कधी पळाला तेही सांगा. १८९८ च्या २९ ऑक्टोबरला त्याच्याच 'एर्डगाइस्ट' नाटकाचा म्युनिकमधला पहिला प्रयोग होता आणि डॉक्टर श्योनचं काम तोच करत होता. प्रयोग पुरा करून गेला तो. त्याच दिवशी तुमचा कैसर जेरुसलेमात घोड्यावरून शिरत होता. जाफा दरवाजा पुरेना म्हणून बाजूचा तट फोडलेला."

"राजशिष्टाचार असतो तो."

"थॉमस कुकची टूर होती, नाना."

यावर नाना चहाकडे वळले. पण मंजिरी प्रायोगिक नाटकवाली, एकदा सुटली की मध्यंतर नाही.

"आणि त्या कवितेत शिवी एकही नाही. बायबलमधला दाऊद राजा थडग्यातून उठतो, हार्प उचलतो आणि पाहुण्याचं स्वागत करतो. म्हणतो, जगाला पराक्रमाची तहान आहे, कौतुकाची त्याहून मोठी, आणि महाराज दोन्ही भागवतात. मग कपड्यांची यादी येते: उष्ण प्रदेशातला गणवेश, खलाशाचा वेश, जांभळा झगा, कडक रेशमातला रोकोको, शिकारीचा कोट, खेळाचे कपडे. त्याच्या आधीच्या कडव्यात आभार, की 'तुम्ही अजून इथं आला नव्हतात' हा पवित्र भूमीवरचा कलंक तुम्ही पुसलात. यातलं खोटं काय? कपडे तर तो बदलायचाच. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीआडून मारलेला टोला, फसते कुठे, तर कवीला राहवत नाही आणि शेवटच्या कडव्यात तो वाचकाला डोळा मारतो. वेडेकिंडनं पापणीसुद्धा हलवली नाही."

"तरी सात महिने बसलेच," नाना म्हणाले.

"बसले, पण स्वतःहून हजर होऊन. १८९९ च्या जूनमध्ये लाइपझिगला. नंतर ती कैद क्योनिगश्टाइन किल्ल्यातल्या स्थानबद्धतेत बदलली. तिथं बसून 'मार्क्विस फोन काइट' हे नाटक पुरं केलं. ती कविता छापणाऱ्या 'सिम्पलिसिसिमुस' साप्ताहिकाच्या त्याच अंकाचं मुखपृष्ठ काढणारा हाइने, त्यालाही सहा महिने. त्या चित्रात जुन्या धर्मयुद्धांतला गोडफ्री कैसरच्या टोपीला हसणाऱ्या बार्बारोसाला, म्हणजे तसल्याच दुसऱ्या धर्मयोद्ध्याला, दटावतो, असा घाणेरडा हसू नकोस, आपल्या धर्मयुद्धांनाही काही अर्थ नव्हताच की. आणि 'सिम्पलिसिसिमुस'चे मालक आल्बर्ट लांगन? पाच वर्षं परदेशात. तीस हजार मार्क भरून मग परत."

"म्हणजे कवी आत, चित्रकार आत, मालक पॅरिसला," बंड्या म्हणाला आणि सगळ्यांनी अभ्याकडे पाहिलं. अभ्या दिवाळी अंक काढतो.

"माझ्याकडे काय बघताय? आपल्याकडे उलटं झालंय. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' छापून आलं. तिथंही दिवंगत राजाच बोलतो, खाली सही 'भवानी तलवार'. खटला चालला आणि आत गेले ते संपादक. दीड वर्ष सक्तमजुरी."

"टिळक गेले आत. तू कुणाला पाठवशील ते ठाऊक आहे आम्हाला."

"पण लवकर सुटले ते कुणामुळे?" नाना खुलले. "अर्जावर माक्स म्युलरची सही होती. जर्मन माणूस!"

"ऑक्सफर्डमधला. आणि अर्ज गेला व्हिक्टोरियाकडे. कैसरच्या आजीकडे."

आता नानांना आधार म्हणून एकच काठी उरली होती. "नट म्हणून तर तो टुकारच होता. धंदेवाईक नट हसायचे त्याला."

हे खरंय. अंग ताठ, शब्द तोडून तोडून बोलणं. मंजिरीनंही ते नाकारलं नाही. "म्हणून तर दिग्दर्शक राइनहार्टनं १९०६ साली त्याचंच 'फ्र्युलिंग्स एरवाखेन' नाटक बसवलं, तेव्हा बुरखेवाला गृहस्थ त्यानंच केला. त्या ताठपणाची गंमत कॅबरेत कळते. १९०१ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या ट्युर्कनश्ट्रासंवर एका खानावळीच्या मागं 'अकरा जल्लाद' नावाचं कॅबरे, म्हणजे गाण्या-नकलांचा खेळ, सुरू झालं. तिथं गिटार घेऊन तो मावशीच्या खुनाचं गाणं म्हणायचा."

"गणपतीत करू या की ते!" बंड्यानं लगेच डोळे वटारून राक्षसी हसू काढलं.

"झालं, मारलंस. खुनी दिसायचं नाही. जत्रेत चित्रफळा लावून खुनाची कवनं गायचे, तो बाज आहे. तीन-चार साधे सूर, हातवारे शून्य, प्रत्येक अक्षर वेगळं. 'मावशीला कापली' हे वाण्याला यादी सांगावी त्या आवाजात. लोक हसले तरी थांबायचं नाही, थांबलास की तू त्यांच्या बाजूला गेलास. पैशांसाठी मारलं, आणि शेवटी तक्रार काय? ती तर म्हातारी नि अशक्त होती, पण न्यायाधीशमहाराज, तुम्ही माझ्या ऐन तारुण्यावर उठलात! हे रडवेलं म्हटलंस तर विनोद, अगदी सरळ म्हटलंस तर अंगावर काटा."

बंड्यानं सरळ आवाजात म्हणून पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या दोन मावश्या उठून गेल्या.

"मोठा बंडखोर म्हणे," नाना पुटपुटले. "कायदा सोडला, बापाशी भांडला आणि १८८६ साली जाहिराती लिहायला गेला. कुणाच्या? मॅगीच्या!"

बंड्याच्या तोंडात नेमका मॅगीचाच घास होता. तो ठसक्यासकट नाकातून बाहेर यायचा बाकी राहिला. "तेव्हा नूडल्स नव्हते, सूपची भुकटी होती," मंजिरी सांगत होती, पण ऐकतंय कोण? नाना स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

टपरीवाला हिशेब घेऊन आला. मंजिरीनं तो अभ्यापुढं सरकवला.

"मानधनात वळता करून घे," अभ्या म्हणाला.

"कुठल्या?"