लाडू कोणी वळायचे?

ग्वाल्हेरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर लाडवांवरून जुंपली आहे. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, गेल्या हिवाळ्यात बहोडापूरच्या सेंट्रल जेलमधून सुटून आला. एका पतपेढीत कॅशियर होता, अफरातफर केली, चार वर्षं आत काढली. केली म्हणजे केलीच. तो स्वतःही नाही म्हणत नाही. आत स्वयंपाकघरात काम मिळालं, हात चांगला बसला. आता म्हणतोय, महाप्रसादाचे लाडू मी करून देतो, फक्त सामानाचे पैसे द्या. त्यावर एकाने लिहिलं, "नैवेद्याला तो हात नको." आणि एका काकांनी समारोपाच्या थाटात टाकलं: "घरच्यांनी सांभाळलंय ना त्याला? हीच आपली कुटुंबसंस्था. विलायतेत बाप मुलाला विचारत नाही. तू तिथेच आहेस, सांग यांना."

तर सांगतो.

मी लीड्समध्ये राहतो. इथल्या तुरुंगाच्या भिंतीला लागून भेटीला येणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे. महिन्यातून दोन शनिवार मी तिथे चहा द्यायला आणि पोरांची खेळणी आवरायला जातो. काकांनी तिथे एकदा बसावं. तीन बस बदलून आलेल्या आया, नातवाला कडेवर घेतलेले आजोबा, आरशात बघून लिपस्टिक नीट करणाऱ्या बायका. विचारत नाहीत म्हणे! फरक आहे तो वेगळाच. कमी उत्पन्नाच्या नातेवाइकांना भेटीच्या प्रवासाचा खर्च इथलं सरकार देतं. २०१७ साली लॉर्ड फार्मर यांनी न्याय मंत्रालयासाठी एक अहवाल लिहिला, त्यात कुटुंबाच्या नात्याला 'सोनेरी धागा' म्हटलं आहे. कैदेत घरचं कोणी भेटायला येत असलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, कोणी न येणाऱ्यांपेक्षा, ३९ टक्क्यांनी कमी, हा मंत्रालयाचाच आकडा त्यात आहे. (आकड्याला मी फार भुलत नाही. ज्याच्याकडे आई दर पंधरवड्याला येते, त्याचं घर मुळात थोडं तरी उभं असतं.)

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. शुक्रवारी दुपारी सुटलेला माणूस सोमवारपर्यंत रस्त्यावर, कारण शनिवार-रविवार घरं देणारी, औषधं देणारी सगळी ऑफिसं बंद. शुक्रवारची सुटका एकदोन दिवस आधी करता यावी म्हणून २०२३ मध्ये चक्क कायदा करावा लागला. ज्याला फाटकाशी न्यायला कोणी येत नाही, त्याचे हाल मी पाहिलेत.

आपल्याकडे फाटकाशी कोणीतरी उभं असतं, हे खरं. पण ते पहिल्या दिवसापासूनच उभं असतं, कारण दुसरं कोणी नसतंच. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, निकाल न लागलेले. म्हणजे चारांतले तीन. त्यांच्यासाठी वकील, दर पेशीला कोर्टाच्या आवारात बसणं, जमानतीसाठी कोणाची तरी ऋणपुस्तिका, म्हणजे जमिनीच्या मालकीची वही, मागत हिंडणं, हे सगळं घरच्यांनीच करायचं. आमच्या मावशीने आपल्या सख्ख्या दिरापुढे पदर पसरला, तेव्हा ऋणपुस्तिका मिळाली. पुढे दिराने दोन वर्षं दिवाळीला तोंड दाखवलं नाही. वहिनीने पाटल्या मोडल्या, फॉल-पिकोचं मशीन घेतलं. मुलाकातीला जाताना ती जेलच्या फाटकापर्यंत रिक्षा नेत नसे. आधीच्या चौकात उतरायची आणि पुढे चालत जायची, रिक्षावाल्यालाही कळू नये म्हणून.

याला काका कुटुंबसंस्था म्हणतात. मी म्हणतो, दोन बायकांना जुंपलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

कुटुंबाचा आधार लागतो याबद्दल माझा वाद नाहीच. दादा आज सकाळी उठून आंघोळ करून कामाला लागतो तो मावशी आणि वहिनीमुळेच. पण घर माणसाला जेवू घालू शकतं, नोकरी देऊ शकत नाही, आणि शेजाऱ्याच्या नजरेचं तर काहीच करू शकत नाही. इथे जोडे दुरुस्तीच्या दुकानांची साखळी चालवणारे जेम्स टिम्पसन वर्षानुवर्षं तुरुंगातून सुटलेल्यांना कामावर घेत आले. २०२४ मध्ये त्यांनाच तुरुंगखात्याचं मंत्री केलं. घराच्या बाहेर कोणीतरी दार उघडावं लागतं.

आणि आपण ग्वाल्हेरकरांनी तरी नाकं मुरडू नयेत. १९७२ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, बंदुका ठेवल्या, त्याच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो. त्यांतले मोहरसिंग पुढे मेहगावचे नगराध्यक्ष झाले. चंबळच्या खोऱ्यात बागीला नगराध्यक्ष करता येतं आणि आपल्या मोहल्ल्यात कॅशियरला लाडू वळता येत नाहीत? पैसे मोजायला तर तो मागत नाहीये. गल्ला त्याच्या हाती द्या असं मीही म्हणणार नाही.

काकांना एक गोष्ट माहीत नसेल. मलाही ती वहिनीने परवा फोनवर सांगितली, तीही बोलता बोलता. दादा आत होता त्या चार गणपतींत मंडळाचं कोणी त्यांच्या दाराशी वर्गणी मागायला आलं नाही. डावीकडच्या घरात आले, उजवीकडच्या घरात आले. ती दर वर्षी पाचशे एक रुपये पाकिटात घालून देवघरात ठेवायची. यंदा तिने ती चारही पाकिटं स्वतः नेऊन दिली. पैसे घेतले, पावतीही दिली. पावती तिच्या सासऱ्यांच्या नावाने फाडली होती. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.