ब्रेक होऊ दे, मग बोल

मालिका कशी पाहावी याचं शिक्षण मला मागच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागात, मावशीच्या घरी मिळालं. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात, म्हणून तुम्हालाही देऊन टाकतो.

आधी कूलर बंद करा. मे महिना असू द्या, बाहेर 45 असू द्या. "काही ऐकू येऊन नाही राहिलं" एवढं कारण पुरतं. घाम पुसायला पदर हातात असतोच, पुढे त्यानेच डोळे पुसता येतात.

दारात कोणी आलं तर हातानेच बसायला सांगा.

त्याला काही सांगायचं असेल तर ब्रेकमध्ये सांगू द्या. नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासात नात्यागोत्याला सहा मिनिटं. पुष्कळ झाली. मी "मावशी, आई बाथरूममध्ये घसरली" इथवर आलो आणि साबणाची जाहिरात संपली. "थांब ना बाप्पा, तिला घराबाहेर काढून राहिले!" तिला म्हणजे नायिकेला. नायिकेच्या हातात भलीमोठी बॅग, पण उचलताना खांदा तसूभर खाली गेला नाही. सगळा संसार त्या रिकाम्या बॅगेत! मग कॅमेरा सासूवर, दिरावर, जावेवर, देवघरातल्या दिव्यावर, आणि पुन्हा सासूवर. मावशी दरवेळी नव्याने रडली. शेजारच्या काकू त्यांच्या घरून फोनवर रडत होत्या, स्पीकर लावून. मी घामाने निथळत मधे बसलेलो, हातात आईचा एक्स-रे. मावशीने तो घेतला आणि वारा घालायला लागली. हो, वारा!

खलनायिकेच्या फोटोखाली शिव्या लिहायला विसरू नका. निळू फुले पडद्यावर आले की बाया बोटं मोडायच्या, आता बोटांनी टाईप करायचं, इतकाच फरक.

"आता पाहणंच बंद" ही धमकी रोज द्या आणि उद्या साडेसातला पुन्हा बसा. तसंही टीआरपीचे मीटर देशभरात मोजक्याच घरांत आहेत. तुमच्या घरी नसेल, तर तुमचा राग मोजायला कोणी बसलेलं नाही. आणि मालिका लवकर संपेल या आशेवर राहू नका. 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली ती 2013 मध्ये संपली. चार दिवस म्हणे.

आणि रडून झालं की...

जाऊ दे, मावशी, हे तुलाच आहे. ती बाई पॅकअप झालं की घरी जाते गं, जेवते, झोपते. तुझी सख्खी बहीण सक्करदऱ्याला मांडीचं हाड मोडून पडली आहे. ऑटोने पंधरा मिनिटं लागतात. आज नववा दिवस, तू फिरकली नाहीस. फोन केलास तो काल, मालिका संपल्यावर, आणि विचारलंस काय? "ताईच्या खोलीत टीव्ही आहे का रे? कालचा भाग पाहिला का तिने?"

नाही पाहिला. ती दर अर्ध्या तासाने "दुखून राहिलं रे" म्हणते आणि मी तिची उशी सरकवतो. एक्स-रे तुझ्याकडेच राहिला आहे, डॉक्टरांनी मागितला आहे. तेवढा तरी आणून दे.