पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी, म्हणून निष्कर्ष ९५ टक्के खरा?

संख्याशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक छोटा मजकूर विद्यार्थ्यांमध्ये बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आलं की निष्कर्ष ९५ टक्के खरा, जास्त आलं की परिणाम नाही हे सिद्ध, पी जितकं लहान तितका परिणाम मोठा, आणि ०.०५ ही विज्ञानानं ठरवून दिलेली सीमा. पाठ करायला सोपी अशी ही चार विधानं आहेत, पण त्यांतलं एकही टिकत नाही. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण हेच विद्यार्थी उद्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिणार आहेत.

“०.०५ पेक्षा कमी म्हणजे निष्कर्ष ९५ टक्के खरा”

मुळातला घोटाळा इथे आहे, बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात.

गृहीतक चाचणी एका तात्पुरत्या मान्यतेवर उभी असते: फरक नाही, परिणाम नाही, नाणं निर्दोष आहे. हे शून्य गृहीतक. मग विचारायचं ते इतकंच, की हे खरं असतं तर हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगानं किती वेळा दिसला असता? त्याचं उत्तर म्हणजे पी-मूल्य. समजा, नाणं दहा वेळा उडवलं आणि नऊ वेळा छापा पडला. निर्दोष नाण्यानं कुठल्याही एका बाजूला नऊ किंवा दहाचं दान द्यावं, याची शक्यता १०२४ मध्ये २२, म्हणजे सुमारे ०.०२१. हा सगळा हिशेब नाणं निर्दोष आहे असं धरूनच केला. मग ते निर्दोष असण्याची शक्यता त्याच हिशेबातून कशी निघेल?

ती काढायला आणखी एक माहिती लागते: चाचणीपूर्वी ती कल्पना कितपत संभवनीय होती? समजा, एक हजार कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या शंभरच खऱ्या आहेत. खरा परिणाम पकडण्याची चाचणीची ताकद ८० टक्के धरली, तर ८० खऱ्या कल्पना सापडतील. उरलेल्या नऊशे पोकळ कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, योगायोगानं ०.०५ च्या खाली येतील. सार्थक ठरलेल्या, म्हणजे पी ०.०५ च्या खाली आलेल्या, १२५ निष्कर्षांत ४५ चुकीचे, म्हणजे तब्बल ३६ टक्के. हजारात पाचशे कल्पना खऱ्या असत्या, तर हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं असतं. सीमा तीच, चाचणी तीच, पण भरवसा किती ठेवायचा हे पार बदललं. ते ‘९५ टक्के’ यांत कुठेच नाहीत.

पाच टक्क्यांना अर्थ आहे, तो वेगळा. शून्य गृहीतक खरं असेल तर ही पद्धत वापरून ते चुकून फेटाळण्याची वेळ शंभरात सुमारे पाचदा येईल. ही हमी पद्धतीची आहे, समोरच्या एका निष्कर्षाची नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ साली पी-मूल्याविषयी निवेदन काढलं, त्यात हा गैरसमज स्पष्टपणे खोडला आहे.

“जास्त आलं की परिणाम नाही हे सिद्ध”

चारांतलं हे सगळ्यात घातक विधान, असं माझं मत आहे. शंभरात सत्तर वेळा छापा पडेल असं खोटं नाणं घ्या. चांगलंच खोटं. ते दहाच वेळा उडवलं, तर ०.०५ च्या खाली यायला किमान नऊ छापे हवेत (किंवा नऊ काटे), आणि तसं घडण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के. म्हणजे शंभरातले ८५ प्रयोग या खोट्या नाण्याला मोकळं सोडतील. तेच नाणं शंभर वेळा उडवलं, तर त्याला पकडण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या आसपास जाते. नाणं तेच, नमुना तेवढा वाढला. मोजक्याच रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत दुष्परिणामाचा फरक सार्थक ठरला नाही म्हणून ‘औषध सुरक्षित’ लिहिणं किती जोखमीचं, ते यावरून कळावं. पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढंच तिथे म्हणता येतं.

“पी जितकं लहान तितका परिणाम मोठा”

दहा लाख वेळा उडवलेल्या नाण्यावर ५,०५,००० छापे पडले, तर पी-मूल्यात दशांश चिन्हानंतर वीसहून जास्त शून्यं येतात. आणि दोष केवढा? अर्धा टक्का. उलट दहापैकी आठ छापे आले तर पी ०.१०९, सार्थक नाही, पण दोष मोठा असू शकतो. पी-मूल्यात परिणामाचा आकार आणि नमुन्याचा आकार असे मिसळलेले असतात, की एकट्या पीवरून ते वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी विश्वास-अंतराल बघावा, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांशी जुळणाऱ्या खऱ्या मूल्यांचा पल्ला. पहिल्या नाण्यासाठी ९५ टक्क्यांचा अंतराल ५०.४ ते ५०.६ टक्के, दुसऱ्यासाठी साधारण ४४ ते ९७. पहिल्याचा दोष नक्की पण नगण्य; दुसऱ्याबद्दल अजून फारसं काही कळलेलंच नाही.

“०.०५ ही विज्ञानानं ठरवलेली सीमा”

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. ती सरासरीपासून जवळपास दोन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) पडते, हिशेबाला बरी. निसर्गात अशी रेघ नाही. शंभर वेळा उडवलेल्या नाण्यावर ६० छापे आले तर पी ०.०५७, ६१ आले तर ०.०३५, एका छाप्यानं सत्य उलटत नाही. कणभौतिकीत नवा कण सापडला असं म्हणायला पाच सिग्माचा, म्हणजे पाच प्रमाण विचलनांचा, दंडक आहे. २०१२ साली हिग्ज बोसॉनची घोषणा झाली ती त्याच कसोटीवर: असा कण नसताना निव्वळ पार्श्वभूमीच्या चढउतारांतून इतका उठाव दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक.

शिवाय ही सीमा कितीही कडक ठेवली, तरी किती वेळा चाचणी घेतली हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. परिणाम मुळीच नसताना वीस स्वतंत्र चाचण्या घेतल्या, तर एखादी तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. रुग्णांचे लहान लहान उपगट पाडून प्रत्येकाचा वेगळा निष्कर्ष काढणं, म्हणजे पुन्हा अनेक चाचण्या घेणं, किती फसवं असतं हे दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशीनुसार विभागणी करून दाखवली: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक ठरत होती. कुठल्याही डॉक्टरनं राशी विचारून ती गोळी नाकारलेली मला माहीत नाही, आणि तसं व्हायलाही नको.