'एक रुपया लागला नाही': सातारकर, यावर जरा बोलूया

सातारकर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तिरकस लिहिलं गेलं असतं म्हणून चार दिवस थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माझा 'म्हातारपणातल्या देखभालीचा खर्च' हा लेख पुण्या-मुंबईतल्या पैसेवाल्यांसाठी आहे, मी आईबापांची एक्सेल शीट केलीये, लोकांना नुसती भीती घातलीये, आणि शेवटी, "मुलं कशाला असतात मग? माझी बायको तीन वर्षं आईचं सगळं करतेय, एक रुपया लागला नाही."

आधी जे पटलं ते सांगते. आजाऱ्याच्या देखभालीला ठेवलेल्या बारा तासांच्या मावशीचे रोजचे 800 म्हणजे महिन्याचे 24 हजार, 6 टक्के महागाई धरली तर 20 वर्षांनी 77 हजार, एवढं लिहून मी मोकळी झाले आणि ज्याची पेन्शनच 20 हजार आहे त्याने काय करायचं ते लिहिलंच नाही. चुकलंच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पूर्ण 30 लाख टाकले तरी सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तीन महिन्यांना 61,500 हातात येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, त्यात एक मावशीसुद्धा बसत नाही, डायपर-अंडरपॅडचं तर नावच नको. आणि 30 लाख असतात किती जणांकडे!

पण ते 'एक रुपया' मी सोडणार नाही हं. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा आमच्याकडेही पहिलं दीड वर्ष 'काही खर्च नाही' असंच सगळे म्हणत होते, कारण मी होते. 52व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, साठीपर्यंतचा तो आठ वर्षांचा पगार कुणाच्याच हिशोबात नाही, माझ्या नवऱ्याच्याही नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, रात्रीसुद्धा, मग माझीच कंबर गेली आणि एका पहाटे चादर बदलताना मी त्या माउलीवर इतकी ओरडले की आजही आठवलं की कसंतरी होतं. त्यानंतर रात्रीची मावशी लावली. तिला आम्ही जे पैसे दिले ते सासूबाईंसाठी नव्हते, माझ्या झोपेसाठी होते, आणि झोप मिळायला लागल्यावर मी परत त्यांच्याशी नीट बोलायला लागले. मुलांनी करू नये असं मी कुठं म्हटलंय? करणाऱ्याला कुणीतरी सोडवायला पाहिजे, एवढंच. वहिनी सलग चार रात्री माहेरी शेवटच्या कधी राहिल्या ते एकदा विचारा त्यांना, मला नका सांगू.

कायद्याचं लिहिलंत. आहे ना, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, 2007चा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, पण त्यात निर्वाहभत्ता जास्तीत जास्त महिना 10 हजार, आणि पोटच्या पोरावर अर्ज करायला किती आया तयार होतील? त्यातलं उपयोगाचं एक, घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचंच असेल तर 'मला सांभाळायचं' ही अट त्यात लिहून घ्या, म्हणजे नाही सांभाळलं तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. आयुष्मान कार्डाचं म्हणाल तर 2024पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न काहीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, नसेल काढलं तर आईंचं काढाच. फक्त ते ॲडमिट झाल्यावरचं आहे. डिस्चार्जनंतरची 15 दिवसांपर्यंतची औषधं-तपासण्या सोडल्या तर पुढचं सगळं घरच्यांच्या अंगावर, साध्या मेडिक्लेममध्येही मावशीचे पैसे मिळत नाहीत.

आता 20 हजारवाल्याचं, म्हणजे ज्याला पैसे लागत नाहीत अशा तयारीचं, जे मूळ लेखात यायला हवं होतं. सासूबाईंचं पेन्शनचं खातं आणि एफडी एकटीच्या नावावर. पैसे त्यांचेच, उपचार त्यांचेच, आणि आम्ही बँकेत हात हलवत. अंगठा चालतो, पण माणसाला कळत तरी असलं पाहिजे कशावर देतोय ते, आणि त्यांना तर त्यावेळी मीसुद्धा कळत नव्हते. वकिलांना घरी बोलावलं मुखत्यारपत्रासाठी (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार आम्हाला मिळावा म्हणून), त्यांनी दोन मिनिटं त्यांच्याशी बोलून बॅग बंद केली. आधी केलेलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणे, माणसाची समज गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्रही संपतं, मग पालक नेमून घ्यायला थेट हायकोर्ट. हे मला माहीतच नव्हतं, आणि मी बँकेत 27 वर्षं काढलीत! साध्या बचत खात्याला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवायचं) करून दुसरं नाव लावायला एक फॉर्म लागतो, पैसे लागत नाहीत. पेन्शनच्या खात्याला मात्र सहसा नवरा-बायकोचंच नाव लागतं. नॉमिनी असून चालत नाही, नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. (अर्थात नाव कुणाचं लावायचं यावर घरात महाभारत होतं, ते होऊ द्या, आई बोलत्या आहेत तोवरच होऊ द्या.)

एक्सेल शीटचा टोमणा मात्र लागला, कारण सासूबाई कशात खुश होत्या ते मी लेखात लिहिलंच नाही. त्यांना दुपारी चारला गॅलरीत बसून चहा लागायचा, कपातूनच, सिपर दिला की तोंड फिरवायच्या. रोज तेवढा अर्धा तास मिळाला की रात्री कमी कण्हायच्या, औषधाने फरक पडला नाही इतका त्याने पडायचा. आणि आंघोळ म्हणाल तर वर्षभर पलंगावरच पुसून काढत होतो, का, तर बाथरूमचं दार अरुंद आणि व्हीलचेअर त्यात जाईना. मिस्त्रीने दोन दिवसांत चौकट काढून रुंद दार बसवलं. हे धडधाकट असताना केलं असतं तर कुणाला अडचण झाली नसती, पण तेव्हा घरात असं बोललं की 'अभद्र बोलू नका' म्हणायचे.

आमची व्हीलचेअर माळ्यावर पडून आहे, चाकं बदलून घेतलीत, आईंना उपयोग होणार असेल तर कळवा, साताऱ्याला आमच्याकडून कुणी ना कुणी येत-जात असतं. फक्त आधी दार मोजा, आमची खुर्ची बाहेरून बाहेर 26 इंच आहे.