शिपायाच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका

सकाळपासून तीन-चार जणांनी एकच पोस्ट पाठवली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या एका मराठा शिपायाचं मोडी पत्र. फोटोत पत्राचा जेमतेम वरचा भाग, आणि खाली 'एआयनं वाचलेला' मजकूर. आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंय, मातृभूमीच्या मातीचा वास विसरलो नाही, वगैरे. हजारो लोकांनी रडके चेहरे टाकलेत. मी फोटो मोठा करून पाहिला. मला मोडी येतं, झरझर नाही, पण येतं. पहिल्या ओळीत 'तीर्थरूप बाबा' आहे, स्वच्छ. दुसऱ्या ओळीत मनीऑर्डर आहे. मांडी नाही, माती नाही, आई तर कुठेच नाही.

डोकं फिरलं माझं. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस काहीतरी सांगत होता, ते ऐकायचं सोडून त्याच्या तोंडी आपलं काहीतरी घालायचं आणि मग त्यावर आपणच रडायचं?

आमच्याही घरी असं पत्र आहे. माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं, तिथल्याच बसऱ्याहून, १९१५ सालचं. ते ११७व्या मराठा पलटणीत होते. घरात सगळे सांगायचे की त्यात 'मी आलो नाही तरी मुलाला शिकवा' असं लिहिलंय. आजी हे सांगताना डोळे पुसायची. तिनं ते पत्र कधी वाचलेलं नव्हतं, वाचू शकणारं कोणी घरात उरलंच नव्हतं.

शेवटी ते एका निवृत्त काकांकडे नेलं. जुने जमिनीचे कागद वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मोडीत आधी शिरोरेषा ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे अर्थावरून ठरवायचं. काकांनी अंदाज बांधायला सुरुवातच केली नाही. आधी जे असणारच ते शोधलं: नमस्कार, घरातल्यांची नावं, मनीऑर्डर. मग आमच्या जुन्या कागदांतली शेतांची नावं मागवून घेतली आणि ती पत्रात सापडतात का पाहिलं. तेवढ्यावरून लिहिणाऱ्याचा हात कळला, तो र कसा वळवतो, य कुठे सोडून देतो. मग त्या ओळखीच्या अक्षरांवरून अनोळखी ओळी. किती संध्याकाळी गेल्या त्यात, पण एकही अक्षर काकांनी ओढूनताणून बसवलं नाही.

आणि निघालं काय? पैसे पोचले का, पोच का नाही. बैल विकू नये. बांधावरून चुलत्यांशी तंटा करू नये, मी आल्यावर बघू. मुलाला शिकवा असं कुठेही नाही. लढाईची एक ओळ नाही.

माझ्या चुलतभावाला हे फार कोरडं वाटलं. कोरडं? समुद्रापलीकडे जाऊन पडलेला माणूस बैलांची चौकशी करतोय, बांध सांभाळतोय, 'मी आल्यावर' म्हणतोय! यापुढे आणखी काय लिहायला हवं होतं त्यानं?

शिवाय हे लोक मोकळेपणानं लिहू शकत नव्हते, हेही कोणी लक्षात घेत नाही. पत्रं तपासली जात. फ्रान्समधल्या हिंदी पलटणींच्या टपालासाठी १९१४ च्या अखेरीपासून वेगळं सेन्सॉरचं ऑफिसच होतं. तिथे इंग्रजीत केलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिपायांना ते ठाऊक होतं. काळी मिरी म्हणजे आपले, लाल मिरी म्हणजे गोरे, असं ते लिहायचे. आणि किती जणांना तर लिहिताच येत नव्हतं, पलटणीतला दुसरा कोणी लिहून द्यायचा. त्या दुसऱ्यासमोर बायकोबद्दल काय बोलणार माणूस?

आमच्या पत्रात तिचा उल्लेख एकदाच आहे. नाव नाही. 'घरात सांगावे की', आणि नेमकी तिथेच घडी फाटलीय. चार-पाच अक्षरं गेलीत. पुढची ओळ पुन्हा बैलांची. हे आठवलं की माझा राग कुठल्या कुठे जातो. काय सांगायचं होतं त्यांना? आजही घरी विषय निघाला की प्रत्येक जण आपलं काहीतरी सुचवतो. काकांनी नक्कल करताना तिथे टिंबं दिली, आणि मी ती तशीच ठेवलीत. ती जागा त्या दोघांची आहे.

मान्य, पुसट अक्षर यंत्रानं गडद करून दिलं तर मदत होते, आणि मोडी जाणणारा कोणी मिळतच नाही त्यांनी करायचं काय, हाही प्रश्न खरा. पण त्या पोस्टमध्ये जांभळ्या डागाला 'अश्रूंचे डाग' म्हटलंय! अहो, तेव्हाची कॉपिंग पेन्सिल ओली झाली की जांभळीच उमटते. छप्पर गळलं असेल, घाम असेल. अश्रूही असतील. तुम्हाला कोणी सांगितलं?

२९ एप्रिल १९१६ ला बसऱ्याच्या वरच्या अंगाला कूतमध्ये तुर्कांच्या वेढ्यातली इंग्रजांची फौज शरण गेली, त्यात ११७वी पलटण होती. आमचा माणूस परत आला नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं हा भेदभाव मान्य केला तो २०२१ साली. दगडावर ज्याला नाव मिळालं नाही, त्याचं स्वतःचं म्हणून उरलंय ते एक पान. तेही आपण लाइकसाठी बदलून टाकायचं?

ज्यांच्या घरी असं पत्र असेल त्यांनी कृपा करून ते लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. खिडकीजवळ, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो काढा, पाकीट आणि त्यावरचे शिक्केसुद्धा. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग भरतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. आणि काकांचा नंबर हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. त्यांना विचारून देते.