बाबेम्बांची गोष्ट आणि आफ्रिकेतला खरा उपचार

या महिन्यात तो मजकूर मला चौथ्यांदा दिसला. आधी तीनदा नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता. चौथ्यांदा समुपदेशकांच्या एका प्रशिक्षणात, मोठ्या पडद्यावर, मागे मावळता सूर्य आणि गोल करून बसलेली माणसं अशा चित्रासकट. शेजारची तरुण मुलगी तो वहीत उतरवून घेत होती, तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं.

मजकूर थोडक्यात असा: "दक्षिण आफ्रिकेत बाबेम्बा नावाची जमात आहे. तिथे कुणी चूक केली की त्याला गावाच्या मधोमध उभं करतात. सगळं गाव कामधाम सोडून दोन दिवस त्याच्याभोवती बसतं आणि त्याने आयुष्यात केलेली प्रत्येक चांगली गोष्ट त्याला सांगतं. शिक्षा नाही, तुरुंग नाही. म्हणून तिथे गुन्हेच होत नाहीत. ते एकमेकांना 'नबज्योतिशिकाया' म्हणतात, म्हणजे 'तू मला मोलाचा आहेस'. समोरचा म्हणतो 'शिकोबा', म्हणजे 'तर मग मी आहे'. औषधं नकोत, डॉक्टर नकोत, फक्त प्रेम. मानसोपचारवाल्यांनी हे शिकावं."

मी चौदा वर्षं समुपदेशनाचं काम करते. आफ्रिकेतल्या पारंपरिक उपचारांकडून आमच्या व्यवसायाने शिकण्यासारखं खूप आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मजकूर मला खुपतो. जिथे खरी माहिती बसायला हवी, ती जागा त्याने अडवून ठेवली आहे.

"दक्षिण आफ्रिकेत बाबेम्बा नावाची जमात आहे."

बेम्बा लोक आहेत, आणि 'बाबेम्बा' हे त्यांचं अनेकवचनही बरोबर आहे. पण ते राहतात झांबियाच्या उत्तरेला, कसामा-चिन्सालीच्या भागात. झांबियाची आणि दक्षिण आफ्रिकेची हद्द कुठेच एकमेकींना भिडत नाही. मजकुरात गावाचं नाव नाही, साल नाही, पाहिलेल्या माणसाचं नाव नाही. इंग्रजी पुस्तकांतून आणि प्रवचनांतून ही गोष्ट वीसेक वर्षं तरी अशीच बिनपत्त्याची फिरते आहे.

आणि तो 'नबज्योतिशिकाया'! मराठी माणसाला हे डोळ्यांसमोर असून दिसू नये याचं मला नवल वाटतं. 'नबज्योती' म्हणजे आपली नवज्योती. बंगाली-आसामी घरांत मुलाचं हे नाव सर्रास ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत खरोखर बोलला जाणारा शब्द आहे झुलू भाषेतला 'सावुबोना'. त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही तुला पाहतो', आणि तो रोजच्या रामरामसारखा वापरतात. बेम्बा माणूस मात्र 'मुली शानी' म्हणून विचारपूस करतो. चांगले शब्द तिथे होते. ते कुणी विचारलेच नाहीत.

"शिक्षा नाही, तुरुंग नाही, गुन्हेच होत नाहीत."

ऑड्री रिचर्ड्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाई 1930 च्या दशकात बेम्बांमध्ये राहिल्या. चितिमुकुलू हा बेम्बांचा सर्वोच्च राजा. त्याच्या हाताखालचे सरदार पूर्वी गुन्हेगारांचे आणि आपला अपमान करणाऱ्यांचे अवयव तोडण्याची शिक्षा देत, आणि अशी शिक्षा भोगलेली माणसं आपण तिथे असताना हयात होती, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. बेम्बा क्रूर होते, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडच्या राजवटींमध्येही हातपाय तोडल्याचे दाखले आहेत. ते एक राज्य होतं, राज्याला असतात तशा त्याच्याही शिक्षा होत्या, एवढंच. माणसांना देव करून ठेवलं की त्यांच्याशी बोलणं थांबतं.

समुपदेशकाला बेम्बांकडून शिकायचंच असेल, तर पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. वयात येणाऱ्या मुलीचा 'चिसुंगू' नावाचा विधी रिचर्ड्स यांनी 1931 मध्ये पाहिला. तो तीन आठवड्यांहून जास्त चालला. मातीच्या मूर्ती, भिंतीवरची चित्रं आणि प्रत्येक मूर्तीचं एक गाणं, असा तो सगळा मामला. तो चालवणाऱ्या अनुभवी बाईला 'नाचिम्बुसा' म्हणतात. झांबियाच्या शहरांत लग्न ठरलेल्या मुलीला संसाराची शिकवण द्यायला आजही नाचिम्बुसा येते. तिच्या शिकवणीतलं सगळंच मला पटेल असं नाही; नवऱ्यापुढे नमतं घेण्याचा भाग तर अजिबात नाही. पण हा खराखुरा समुपदेशनाचा वारसा आहे, त्याला नाव आहे, तो जिवंत आहे. आमच्या पडद्यावर तो कधी येत नाही.

"फक्त चांगलंच सांगायचं."

माझा खरा वाद या वाक्याशी आहे.

झांबियाच्याच वायव्य टोकाला, म्विनिलुंगाच्या भागात, न्डेंबू लोक राहतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर 1950 ते 1954 या काळात त्यांच्यात राहून काम करत होते. त्यांनी इहेंबी नावाच्या एका वृद्ध वैदूचं काम जवळून पाहिलं. रुग्ण होता एक मध्यमवयीन पुरुष. छातीत धडधड, पाठ आणि हातपाय दुखणं, थकवा, सगळे आपल्याविरुद्ध बोलतात ही भावना. तो झोपडीत कोंडून घेऊन बसायचा. न्डेंबूंमध्ये वारसा आईकडून चालतो. हा माणूस मोठं होईपर्यंत बापाच्या माणसांत राहिला आणि नंतर आईकडच्या गावात परतला. म्हणजे गावात नवखा आणि भाऊबंदकीत आयता सापडलेला. त्यात बायकोचं दुसऱ्याशी असल्याचं गावभर माहीत.

निदान असं की, मेलेल्या शिकारी पूर्वजाचा दात, 'इहांबा', त्याच्या अंगात शिरला आहे आणि चावतो आहे. इहेंबीने अंगावर बारीक चिरा पाडून त्यांवर लहान शिंगं लावली, तुंबडी लावतात तशी. ढोल, गाणी सुरू. मग मध्येच तो सगळं थांबवायचा आणि जमलेल्या गावाला सांगायचा: याच्याविषयी मनात काही असेल तर आत्ता पुढे येऊन बोला, नाहीतर दात निघणार नाही. एकेक जण पुढे यायचा आणि मनातली अढी सांगायचा. नंतर रुग्णालाही तेच करावं लागलं: तुझ्या मनात यांच्याविषयी काय डाचतंय, बोल. पुन्हा शिंग, पुन्हा ढोल, पुन्हा गाऱ्हाणी. असे तास गेले आणि अखेर रक्ताने भरलेल्या भांड्यात एक दात निघाला.

तो दात आधीच हातात लपवलेला असणार, हे टर्नर यांना कळत होतं, आपल्यालाही कळतं. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीच्या छायेत वाढले आहे. दातावर माझा विश्वास नाही आणि कुणी ठेवू नये. पण दात निघेपर्यंत त्या अंगणात जे घडलं, ते पाहा. ज्यांच्यामुळे माणूस आजारी पडला, ते सगळे तिथे हजर आहेत. त्यांना बोलावं लागलं, आणि बोलायचं होतं ते नेमकं वाईट, साठलेलं, टोचणारं. गुणगान शेवटी आलं असेल तर आलं असेल. सुरुवात मात्र गाऱ्हाण्यापासून झाली.

बाबेम्बांचा प्रयोग मी स्वतः करून पाहिला आहे, तोही अशाच एका कार्यशाळेतून आल्यावर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, ऑनलाइन जुगारात पैसे घालवलेले, दोन महिने कुणाशी बोलत नव्हता. आई, वडील, मोठी बहीण, काका, सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की आज याच्याविषयी फक्त चांगलं बोलायचं. ते बोलले. शाळेतलं बक्षीस, आजीची सेवा, पुराच्या वर्षी शेजाऱ्यांना केलेली मदत. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, हे सगळे मी मेल्यासारखं बोलतायत."

शोकसभाच झाली होती ती. चूक मी केली होती, त्या कुटुंबाने नाही.

पुढच्या वेळी मी ती अट काढून टाकली. बराच वेळ कुणी बोलेना. मग बहीण म्हणाली, "तू आईच्या बांगड्या गहाण टाकल्यास आणि मला म्हणालास पॉलिशला दिल्यात. मी तिला तेच सांगत राहिले. खोटी मी पडले." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून रडला. त्यानंतर आईने बाबांवरचा राग काढला, बाबांनी काकांवरचा. त्या दोन तासांत खोलीतली हवा बदलली. एका बैठकीत जुगार सुटला नाही, सुटत नसतो. पण तो पुढच्या वेळी स्वतःहून आला. इहेंबी मी बऱ्याच वर्षांनी वाचला, आणि वाचताना त्या बांगड्याच आठवत होत्या.

"औषधं नकोत, डॉक्टर नकोत."

आफ्रिकेतल्या ज्या डॉक्टरांनी पारंपरिक उपचारांकडे आदराने पाहिलं, त्यांनी औषधं टाकून दिली नाहीत. नायजेरियाचे टी. ए. लॅम्बो इंग्लंडमध्ये मनोविकारशास्त्र शिकून परतले आणि 1954 मध्ये अबेओकुटाजवळ आरो इथे त्यांनी एक वेगळीच व्यवस्था उभी केली. रुग्णाने घरचं किमान एक माणूस सोबत आणायचं आणि जवळच्या खेड्यात भाड्याने राहायचं. स्वयंपाक, बाजार, शेजार चालू. दिवसा इस्पितळात यायचं, तिथे औषधं आणि विजेचे उपचारही घ्यायचे. लॅम्बो यांनी पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेतलं, गाव आणि रुग्ण यांच्यातला दुवा म्हणून. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. सेनेगलमध्ये डाकारच्या फान इस्पितळात फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ आंरी कोलोंब यांनी 'पेंच' सुरू केली. वोलोफ भाषेत पेंच म्हणजे गावची बैठक. रुग्ण, नातेवाईक, परिचारिका, डॉक्टर सगळे एकत्र बसत आणि बोलत. पुढे रुग्णासोबत घरचा माणूस दाखल होणं हा तिथला रिवाजच झाला.

आमच्याकडे सोबत आलेल्या सासूला, भावाला, नवऱ्याला आपण काय सांगतो? "तुम्ही जरा बाहेर बसा." गोपनीयता हवीच, विशेषतः बाईला घरात मारहाण होत असेल तेव्हा तर हवीच हवी. पण प्रत्येक वेळी, सवयीने, न विचारता?

आणि "फक्त प्रेम" म्हणणाऱ्यांनी साखळदंडही पाहावेत. घानातल्या काही प्रार्थना-छावण्यांमध्ये, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करू पाहणाऱ्या ख्रिस्ती ठिकाणी, मनोरुग्णांना झाडाला, खांबाला बांधून ठेवलं जातं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2020 मध्ये साठेक देशांत असे साखळदंड आढळल्याचं मांडलं. हे आफ्रिकेपुरतं नाही. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा बांधलेले पंचवीसहून जास्त रुग्ण पळता न आल्याने होरपळून मेले. घानातल्या माउंट होरेब छावणीत 139 जणांवर एक चाचणी झाली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. छावणीतच काही जणांना औषधं दिली. त्यांची लक्षणं कमी झाली, पण साखळीत काढलेले दिवस कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. औषधाने आजार हलतो, माणसांची भीती हलत नाही. तिच्यासाठी छावणीवाल्यांशीच बोलावं लागतं. नायजेरियाचे मनोविकारतज्ज्ञ ओये गुरेजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियात तेच केलं. आरोग्य केंद्रातले कर्मचारी पारंपरिक आणि धार्मिक उपचारकांच्या जागी जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागले. 307 रुग्णांच्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी एकत्र उपचार मिळालेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ती 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली.

"गोष्ट खरी नसली तरी संदेश चांगला आहे ना?"

हे मजकुरात नाही. प्रशिक्षकांना मी नंतर भेटले तेव्हा ते हे म्हणाले, आणि सगळेच म्हणतात. समजा झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, एखाद्या प्रशिक्षणात पडद्यावर आलं, "नेपाळमध्ये वारकरी नावाची जमात आहे, ते चालतात आणि म्हणून कधी भांडत नाहीत", तर आपल्याला चालेल का? वारीत काय घडतं, माणूस तिथून काय घेऊन येतो, हे सांगणारे आपण इथे असताना?

शिवाय खरी गोष्ट जास्त चांगली आहे. हरारेतल्या म्बारे वस्तीत 2006 मध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना काम सुरू करायचं होतं. सगळ्या झिंबाब्वेत त्यांच्यासारखे तज्ज्ञ मोजून डझनभर. दवाखान्यात खोली नव्हती, परिचारिका मोकळ्या नव्हत्या. मिळाल्या त्या 14 आज्या, आरोग्यसेविका म्हणून वस्तीत फिरणाऱ्या, आणि बाहेरची झाडाखालची जागा. तिथे बाक टाकला. चिबांडा त्याला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हणत होते. आज्या म्हणाल्या, त्यावर कुणी येऊन बसणार नाही. नाव बदलून मैत्रीचा बाक झालं. 'डिप्रेशन' हा शब्दही त्यांनी बाजूला ठेवला. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. माझ्याकडे येणाऱ्या बायाही हेच म्हणतात: "लई विचार येत्यात, डोकं थांबतच नाही." आणि आम्ही फाइलवर इंग्रजी नाव लिहून तो शब्द तिथेच पुसतो. आज्यांच्या पहिल्या पायरीचं नाव 'कुव्हुरा प्फुंग्वा', मन उघडणं. आपलं मन मोकळं करणंच की.

या आज्या मांत्रिक नाहीत. शोना वैदूला 'न्गांगा' म्हणतात, तो वेगळा. आज्यांनी घेतलं आहे ते वडीलधाऱ्या बाईशी बोलण्याचं जुनं वळण. त्याला प्रश्नावलीची, सहा बैठकींच्या शिस्तीची आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याची जोड दिली आहे. हरारेतल्या 24 दवाखान्यांत 573 जणांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं उरली होती आज्यांकडे आलेल्यांत 13.7 टक्के लोकांना आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 49.9 टक्के लोकांना. त्या कामात वापरलेली शोना प्रश्नावली 1990 च्या दशकात हरारेत तयार झाली, आणि ती करणाऱ्यांत मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल होते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसोबत गोव्यात 'संगात' ही संस्था उभी केली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेली, गावातलीच माणसं समुपदेशन करू लागली. म्हणजे म्बारेचा रस्ता आपल्या दारावरून जातो.

प्रशिक्षकांची पुढची कार्यशाळा दिवाळीनंतर आहे. इहेंबी, लॅम्बो आणि म्बारेच्या 14 आज्यांवरची पानं मी त्यांना पाठवली आहेत. बाबेम्बांची स्लाइड काढून तिथे बाकाचा फोटो लावावा, एवढंच मागितलं आहे.