हयातीचा दाखला आणि आईचा अंगठा

नोव्हेंबर आला की सांगलीतल्या बँकांत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला. वर्षातून एकदा सरकारला ‘आहे मी’ म्हणून सांगून यायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेलेल्याच्या नावावर पेन्शन उचलणारे महाभागही आपल्यातलेच.

गेल्या वर्षी बँकेतलाच एकजण म्हणाला, रांगेत कशाला थांबवताय आजींना, ऑनलाईन करून टाका. म्हणून आईला विश्रामबागेतल्या एका केंद्रावर नेलं. आई 78 वर्षांची. सरकारी दवाखान्यात 31 वर्षं सिस्टर होती. हात धुऊन धुऊन अंगठ्याच्या रेघा कधीच झिजल्यात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. केंद्रातला पोरगा म्हणाला, “आजी, केसांतून फिरवा जरा.” फिरवला. दहाही बोटं झाली. मग मोबाईलवर चेहरा. स्क्रीनवर ‘डोळे मिचकवा’ येतंय आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आई डोळे ताणून बघतेय. शेवटी त्याला म्हणाली, “बाळा, तुझ्या पुढ्यात बसलेली दिसतीय न्हवं मी?”

मग बँकेत जाऊन यादीवर सही केली. तरी डिसेंबर, जानेवारी कोरडे गेले. फेब्रुवारीत फरकासकट जमा झाली. दोन महिने तिच्या बीपीच्या गोळ्या मी आणल्या, हेच तिला जास्त लागलं.

‘जीवन प्रमाण’, म्हणजे आधारशी ओळख जुळवून काढायचा हा ऑनलाईन दाखला, 2014 मध्ये सुरू झालं. ज्यांची बोटं उमटतात त्यांची मोठीच सोय झाली. माझे मामा पुण्यात मुलाकडे बसून दाखला पाठवतात, पूर्वी त्यासाठी एसटीनं यायचे. आता पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो. पण तोही मशीनच घेऊन येतो ना!

26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन ही त्यानं कमावलेली आहे, तिला आधार कायद्याचं कलम 7, म्हणजे सरकारी लाभासाठी आधार मागायची मुभा देणारं कलम, लागू होत नाही. मार्च 2021 मध्ये केंद्रानंही जीवन प्रमाणसाठी आधार ऐच्छिक केलं. कागदावर ऐच्छिक. खिडकीवर गेलं की, “ऑनलाईन झालंय का?”

आपल्या राज्याचे निवृत्तिवेतन नियम 1982 चे. तेव्हा अंगठा शाईत बुडवायचा असे. त्याच वर्षी 17 डिसेंबरला नकारा या पेन्शनरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. घटनेच्या 309 व्या कलमानं विधिमंडळाला यावर कायदा करता येतो. मग करा की. मशीन ‘नाही’ म्हणालं तर पेन्शन चालूच राहील, आणि खात्री करायला महिन्याच्या आत कार्यालयाचा माणूस घरी येईल, असं त्यात लिहा. नाही आला तर दंड त्याच्या साहेबाला. राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्यात, सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 2015 पासून 500 ते 5000 रुपये दंड आहेच, नवीन काही शोधायला नको. आज सगळी धावपळ पेन्शनरानं करायची आणि चूक कुणाचीच नाही.

यंदा मी तिला सरळ बँकेतच नेणार आहे. आई आत्तापासून कालनिर्णयच्या मागच्या पानावर सही गिरवतेय. हात कापतो. जुन्या सहीशी जुळली नाही तर, ही तिची नवी काळजी.